जागा किती घ्यावी? – को-वर्किंग व्यवसायातील पहिला हिशेब

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण व्यवहारात पदोपदी उपयोगी पडते. परंतु ज्या व्यवसायात अंथरूणच भाड्याने घ्यावयाचे आणि त्यावरील जागा इतरांना थोडी थोडी भाड्याने द्यावयाची, तेथे ती अपुरी ठरते. तेथे प्रश्न पायांचा नसून अंथरुणाच्या आकाराचाच असतो. को-वर्किंग हा असा व्यवसाय आहे. एक मोठे कार्यालय सर्व सोयींनिशी सज्ज करावयाचे आणि त्यातील टेबल-खुर्च्या, लहान खोल्या व बैठकीची दालने निरनिराळ्या व्यक्तींना अथवा कंपन्यांना महिन्याच्या, दिवसाच्या, प्रसंगी तासाच्या बोलीने वापरावयास द्यावयाची, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे.

कल्पना वाटते तितकी नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात एकेका खोलीचे भाडे अनेक गिरणी कामगार मिळून भरीत आणि पाळीप्रमाणे तीच जागा आळीपाळीने वापरीत. कार्यालयाच्या बाबतीत हा विचार संघटित स्वरूपात आणला तो रेगस या कंपनीने. मार्क डिक्सन यांनी १९८९ मध्ये ब्रुसेल्स येथे तिची सुरुवात केली. पुढे २००५ मध्ये ब्रॅड न्यूबर्ग या संगणक अभियंत्याने सॅन फ्रान्सिस्को येथे स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांसाठी सामायिक जागा सुरू केली आणि ‘को-वर्किंग’ हा शब्द रूढ होऊ लागला. भारतात या व्यवसायाने सर्वांत खोल मूळ धरले ते बेंगळुरूत. इंडिक्यूब ही कंपनी २०१५ मध्ये याच शहरात सुरू झाली, तर अमेरिकेतील वीवर्कने २०१७ मध्ये भारतात पाऊल ठेवताना बेंगळुरूचीच निवड केली. ऑफिस स्पेस सोल्यूशन्स या कंपनीचे समभाग मे २०२४ मध्ये, स्मार्टवर्क्स व इंडिक्यूब यांचे जुलै २०२५ मध्ये आणि वीवर्क इंडियाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये शेअर बाजारात दाखल झाले.

मोठ्या कंपन्यांच्या या वाटचालीमुळे कोरमंगला, एचएसआर लेआउट, इंदिरानगर, जयनगर अशा भागांत एखादा मजला भाड्याने घेऊन हाच व्यवसाय लहान प्रमाणावर करू इच्छिणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. त्यांच्या कर्जप्रस्तावांत रंगसंगतीची चित्रे आकर्षक असतात, इंटरनेटचा वेग नमूद केलेला असतो, कॉफीच्या यंत्राचे दरपत्रकही जोडलेले असते. (बेंगळुरूत फिल्टर कॉफी बरी नसेल तर सभासद टिकत नाही, हे खरेच आहे.) मात्र चार हजार चौरस फूटच का, दोन हजार किंवा दहा हजार का नाही, याचे उत्तर बहुधा “जागा चांगली मिळाली” एवढेच असते. या उत्तरावर पुढील पाच वर्षांचे भाडे, कर्जाचे हप्ते आणि अनेकदा कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक अवलंबून असते.

लांब मुदतीचे देणे, आखूड मुदतीचे येणे

या व्यवसायाचा मूळ धोका एका वाक्यात सांगता येतो. जागा वर्षांच्या कराराने घेतली जाते आणि विकली जाते ती महिन्यांच्या बोलीने. ग्राहक तीस दिवसांची सूचना देऊन उठून जाऊ शकतो, भाडेकरूला मात्र तसे उठता येत नाही. डॉट-कॉम कंपन्यांची पडझड झाल्यानंतर रेगसच्या अमेरिकेतील उपकंपनीला जानेवारी २००३ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला, तो यामुळेच. वीवर्कने २०१९ मध्ये भांडवल बाजारात येण्यासाठी सादर केलेल्या कागदपत्रांत भविष्यातील भाड्याची देणी सुमारे ४,७०० कोटी डॉलर होती, तर ग्राहकांकडून निश्चित झालेले येणे जेमतेम ४०० कोटी डॉलर. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीनेही अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. भारतातील वीवर्क ही एम्बसी समूहाच्या बहुमताची स्वतंत्र कंपनी असल्याने या प्रक्रियेपासून अलिप्त राहिली.

एवढ्या मोठ्या आकड्यांशी एका मजल्याच्या व्यवसायाचा काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रमाण लहान असले म्हणून विषमता लहान होत नाही. उलट, मोठ्या कंपनीच्या पाठीशी भागधारक असतात. लहान व्यावसायिकाच्या पाठीशी त्याचे राहते घर असते.

कागदावरील फूट आणि प्रत्यक्षातील खुर्ची

बेंगळुरूत व्यापारी जागेचे भाडे सामान्यतः सुपर बिल्ट-अप क्षेत्रफळावर आकारले जाते. त्यात जिना, उद्‌वाहन, प्रवेशदालन, सामायिक मार्गिका यांचा हिस्सा धरलेला असतो. भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारे चटई क्षेत्र बऱ्याच इमारतींत त्याच्या सत्तर ते पंचाहत्तर टक्के भरते. दलालाने सांगितलेल्या आकड्याला खुर्चीच्या आकड्याने भागणे ही म्हणूनच पहिली चूक ठरते. मोजपट्टी घेऊन जागा स्वतः मोजावी आणि खांबांच्या भोवतालचे कोपरे वजा करावेत.

उदाहरणादाखल ४,००० चौरस फुटांची जागा घेऊ. पंचाहत्तर टक्के धरल्यास चटई क्षेत्र ३,००० फूट होते. त्यातून स्वागतकक्ष, उपाहाराची जागा, बैठकीच्या दोन-तीन खोल्या, दूरध्वनीवर बोलण्याच्या लहान पेट्या, येण्याजाण्याच्या वाटा, इंटरनेट यंत्रणेची खोली व प्रसाधनगृहे यांसाठी साधारण चाळीस टक्के, म्हणजे १,२०० फूट जातात. उरलेल्या १,८०० फुटांत टेबल, खुर्ची व खुर्ची मागे सरकवण्याची जागा धरून दर माणशी ३० फूट धरले, तर ६० खुर्च्या बसतात. भाडे ४,००० फुटांचे द्यावयाचे आणि उत्पन्न ६० खुर्च्यांचे मिळवावयाचे, असा हा व्यवहार आहे.

हे प्रमाण सर्व आकारांना सारखे लागू पडत नाही, आणि येथेच आकाराचा प्रश्न महत्त्वाचा होतो. १,५०० फुटांच्या जागेतही स्वागतकक्ष लागतोच, बैठकीची एक खोली लागतेच, प्रसाधनगृह तर अनिवार्य. १,१२५ फुटांच्या चटई क्षेत्रातून यासाठी ५२५ फूट सहज जातात आणि खुर्च्या उरतात वीस.

तीन आकार, एक दर

आता हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्यक्ष दर भाग, इमारत व मजला यांप्रमाणे बदलतील. भाडे दरमहा चौरस फुटास ५५ रुपये व देखभाल शुल्क १० रुपये, मिळून ६५ रुपये. एका खुर्चीचे सरासरी मासिक शुल्क १०,००० रुपये. अंतर्गत रचना व फर्निचर यांचा खर्च चौरस फुटास १,२०० रुपये, त्यातील दोन-तृतीयांश रक्कम मुदत कर्ज म्हणून, साडेदहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी. या दराने एक लाखास मासिक हप्ता सुमारे २,१४९ रुपये पडतो. अनामत रक्कम सहा महिन्यांच्या भाड्याइतकी. बेंगळुरूत जागामालक याहूनही अधिक मागतात, हे ध्यानात असावे.

१,५०० फुटांच्या जागेत भाडे व देखभाल ९७,५०० रुपये. एक व्यवस्थापक, एक मदतनीस, इंटरनेटच्या दोन जोडण्या, वीज, स्वच्छता, चहा-कॉफी यांसाठी किमान ९५,००० रुपये. एकूण १,९२,५००. वीसच्या वीस खुर्च्या भरल्या तरी उत्पन्न दोन लाख. म्हणजे पूर्ण भरलेल्या कार्यालयात महिन्याकाठी साडेसात हजार रुपये उरतात आणि सुमारे २५,८०० रुपयांचा कर्जाचा हप्ता अजून भरावयाचाच असतो! “लहान प्रमाणावर सुरुवात करावी, म्हणजे धोका कमी” हा शहाणपणाचा वाटणारा सल्ला येथे फसतो. स्वतःच्या मालकीची जागा असेल, किंवा व्यावसायिक स्वतःच व्यवस्थापकाचे काम विनावेतन करणार असेल, तरच एवढ्या जागेचा विचार करता येतो.

४,००० फुटांत भाडे व देखभाल २,६०,००० आणि इतर खर्च १,७०,०००, मिळून ४,३०,०००. हप्त्याचे सुमारे ६९,००० मिळवले की खर्च ४,९९,००० रुपयांवर जातो. साठांपैकी पन्नास खुर्च्या, म्हणजे ८३ टक्के जागा भरली की ना नफा ना तोटा. १२,००० फुटांत १८० खुर्च्या बसतात. भाडे व देखभाल ७,८०,०००, इतर खर्च ४,२०,०००, हप्ता २,०६,०००, एकूण १४,०६,०००. येथे १४१ खुर्च्या, म्हणजे ७८ टक्के जागा भरली तरी पुरते. स्वागतिका एकच, व्यवस्थापक एकच, इंटरनेटचा खर्चही तिपटीने वाढत नाही.

कागदावर मोठी जागा निःसंशय सरस दिसते. पुष्कळ प्रस्ताव येथेच थांबतात आणि मोठ्या जागेच्या करारावर सही होते. परंतु या हिशेबात एक गोष्ट अद्याप आलेली नाही. ती म्हणजे काळ.

भरतीचा वेग जागेच्या आकाराने वाढत नाही

नव्या कार्यालयात पहिल्या दिवशी सर्व खुर्च्या भरत नाहीत. ग्राहक एकेक करून येतात, काही जातातही. येणारे व जाणारे यांची वजाबाकी करून दरमहा सहा खुर्च्यांची भर पडते असे समजू. एका वस्तीतील मागणी साधारण ठरलेली असते. मालकाने मोठा मजला घेतला म्हणून त्या रस्त्यावरील स्वतंत्र व्यावसायिकांची संख्या तिप्पट होत नाही.

४,००० फुटांच्या कार्यालयात पहिल्या महिन्यात उत्पन्न साठ हजार, खर्च जवळजवळ पाच लाख. दुसऱ्या महिन्यात उत्पन्न एक लाख वीस हजार. आठव्या महिन्याअखेर ४८ खुर्च्या भरतात आणि नवव्या महिन्यापासून तूट थांबते. या आठ महिन्यांतील तुटीची बेरीज सुमारे १८ लाख ३० हजार रुपये होते. १२,००० फुटांच्या कार्यालयात याच वेगाने तूट थांबण्यास चोविसावा महिना उजाडतो आणि तोवरची बेरीज १ कोटी ५८ लाखांच्या घरात जाते. क्षेत्रफळ तिप्पट, पण तूट साडेआठ पटींहून अधिक! कारण दरमहाची तूट तर वाढतेच, ती सोसावयाचे महिनेही वाढतात, आणि या दोहोंचा गुणाकार होतो. मोठ्या जागेची जाहिरात अधिक केली आणि दरमहा दहा खुर्च्या भरल्या असे मानले, तरीही तूट ९२ लाखांच्या आसपास राहते.

यावरून ध्यानात येईल की ना नफा ना तोटा पातळीची टक्केवारी ही आकार ठरवण्याची एकटी कसोटी नव्हे. तेथपर्यंत पोहोचेतो किती रक्कम लागेल आणि ती कोठून येईल, हे आधी पाहावे लागते. अनामत, रचनेच्या खर्चातील स्वतःचा हिस्सा आणि ही सुरुवातीची तूट यांची बेरीज केल्यास ४,००० फुटांना सुमारे साडेसत्तेचाळीस लाख, तर १२,००० फुटांना सुमारे २ कोटी ४५ लाख रुपये स्वतःचे हवेत. मोठ्या कंपन्या विशाल जागा घेतात तेव्हा बरेचदा शंभर-दोनशे खुर्च्या घेणारी एखादी कंपनी आधीच ठरलेली असते, किंवा जागामालकालाच खर्चात व उत्पन्नात भागीदार करून घेतलेले असते. ऑफिस स्पेस सोल्यूशन्सने ही दुसरी पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली आहे. त्यांच्या जागेचा आकार पाहून आपला आकार ठरवणे म्हणूनच उचित नाही.

वस्तू व सेवा कराचा भागही विसरता कामा नये. व्यापारी भाड्यावर आणि खुर्चीच्या शुल्कावर दोन्हीकडे १८ टक्के कर आहे. दिलेल्या कराची वजावट मिळते, पण ती वसूल केलेल्या करातून. खुर्च्या रिकाम्या असताना पहिले काही महिने ती रक्कम अडकून राहते. फर्निचरवरील कराची वजावट मिळत असली तरी स्थावराशी एकजीव होणाऱ्या बांधकामावरील वजावट कायद्याने रोखली आहे. सनदी लेखापालाकडून हा तपशील करारापूर्वी समजून घ्यावा, नंतर नव्हे.

शिल्लक आधी, जागा नंतर

समजा, बेळगावहून येऊन बेंगळुरूत पंधरा-सोळा वर्षे नोकरी केलेले एक दांपत्य हा व्यवसाय करू इच्छिते. भविष्य निर्वाह निधी, मुदत ठेवी व सोने मिळून ४५ लाख रुपये आहेत. घरखर्च व मुलांचे शिक्षण यांसाठी १० लाख बाजूला ठेवणे त्यांना आवश्यक वाटते. व्यवसायासाठी उरतात ३५ लाख. वरील कोष्टकात ४,००० फुटांची जागा त्यांच्या आवाक्याबाहेर आहे, हे लगेच दिसते.

३,००० फुटांत ४५ खुर्च्या बसतात. भाडे व देखभाल १,९५,०००, इतर खर्च १,४०,०००, आणि २४ लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ५१,६००. एकूण ३,८६,६०० रुपये. दरमहा सहा खुर्च्या भरल्यास सहा महिन्यांची तूट सुमारे १० लाख ६० हजार. अनामत ९ लाख ९० हजार आणि रचनेतील स्वतःचा हिस्सा १२ लाख धरून गरज साडेबत्तीस लाखांची. रक्कम बसते. मात्र ४५ पैकी ३९ खुर्च्या, म्हणजे ८७ टक्के जागा कायम भरलेली हवी, हे प्रमाण फारच ताणलेले आहे. एक आठ जणांचा गट निघून गेला की महिना तोट्यात.

अशा वेळी आणखी जागा शोधण्याऐवजी, खुर्ची न अडवणारे उत्पन्न शोधावे. बैठकीची खोली बाहेरच्यांना तासाने देता येते. अनेक लहान कंपन्यांना वस्तू व सेवा कर नोंदणीसाठी व पत्रव्यवहारासाठी केवळ पत्ता हवा असतो. बेंगळुरूत या सेवेला चांगली मागणी आहे. अर्थात अशा ग्राहकाची ओळख व कागदपत्रे काटेकोरपणे तपासणे अगत्याचे आहे. या दोन मार्गांनी महिन्याला चाळीस हजार मिळाले तर ३५ खुर्च्या पुरतात आणि प्रमाण ७८ टक्क्यांवर येते. आधीच्या भाडेकरूने सोडलेली, भिंती-दिवे-वातानुकूलन असलेली जागा मिळाल्यास रचनेचा खर्च निम्म्यावर येऊ शकतो. या रचनेला पुनर्विक्रीचे मूल्य जवळजवळ नसते. उलट जागा सोडताना ती काढून पूर्ववत करून देण्याची अट करारात असते. त्यामुळे तेथे वाचलेला रुपया हा खरोखरच वाचलेला रुपया असतो.

खुर्च्यांची मांडणी कशी असावी, हे वस्तीवरून ठरते. कोरमंगला-एचएसआर भागात चार ते दहा जणांच्या नवउद्योगांना बंद खोली हवी असते. तेथे चार, सहा व आठ जणांच्या खोल्या असाव्यात. जयनगर, मल्लेश्वरम येथे घराजवळ शांत टेबल शोधणारे वास्तुविशारद, लेखापाल, सल्लागार अधिक. बाह्य वळणरस्ता व व्हाइटफील्ड येथील मागणी मुख्यतः मोठ्या कंपन्यांची. तो खेळ निराळ्या भांडवलाचा आहे. मेट्रोची जांभळी मार्गिका ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हाइटफील्डपर्यंत पूर्ण झाली आणि पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये बोम्मसंद्रपर्यंत सुरू झाली. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर जागा असेल तर वाहनतळाची गरज कमी होते, आणि वाहनतळ हा बेंगळुरूत भाड्याइतकाच बोचणारा विषय आहे.

दाटी किती करावी

हिशेब जुळत नसेल तेव्हा सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे त्याच जागेत अधिक खुर्च्या बसवणे. दर माणशी ३० ऐवजी २२ फूट धरले की ६० च्या ८० खुर्च्या होतात आणि कागदावर नफा दिसू लागतो. पण इमारतीचा मंजूर वीजभार, वातानुकूलनाची क्षमता, प्रसाधनगृहांची संख्या आणि जिन्याची रुंदी तीच राहते.

२३ फेब्रुवारी २०१० रोजी बेंगळुरूच्या जुन्या विमानतळ रस्त्यावरील कार्लटन टॉवर्स या कार्यालयीन इमारतीत आग लागली. धूर वरच्या मजल्यांत भरला, बाहेर पडण्याचे मार्ग अडलेले होते, काहींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. नऊ जणांचे प्राण गेले. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये कार्यालयांतील सुटकेच्या मार्गांचा हिशेब दर माणशी १० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०७ चौरस फूट, या प्रमाणाने केला आहे. ४,००० फुटांत या प्रमाणाने ३७ माणसे होतात. साठ खुर्च्या मांडणारा व्यावसायिक आधीच त्याच्या पुढे गेलेला असतो. तेव्हा जिने व दारे आपल्या प्रत्यक्ष संख्येला पुरेशी आहेत का, हे अग्निसुरक्षेच्या जाणकाराकडून पाहून घेणे त्याच्यावर बंधनकारक समजावे. ऐंशी खुर्च्यांचा विचार तर सोडूनच द्यावा.

जागा पाहतानाच इमारतीचा वापर परवाना व्यापारी आहे की निवासी, भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, हेही पाहावे. निवासी वस्त्यांतील अरुंद रस्त्यांवर व्यापारी वापरास बंधने आहेत आणि अशा जागांना टाळे लागण्याचे प्रसंग येतात. व्यवसाय परवान्यासाठी पूर्वी बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेकडे जावे लागे. सप्टेंबर २०२५ पासून तिच्या जागी पाच महानगरपालिका आल्या आहेत.

करारातील चार ओळी

आकार ठरला तरी तो करारात नीट उतरावा लागतो. पहिली बाब म्हणजे पोट-वापराची परवानगी. ती स्पष्ट शब्दांत नसेल तर सारा व्यवसायच कराराचा भंग ठरू शकतो. दुसरी, लॉक-इन काळ; तो भाडेकरूसाठी शक्य तितका अल्प आणि मालकासाठी दीर्घ असावा. तिसरी, रचनेचे काम चालू असताना भाडेमुक्त काळ. दोन-तीन महिन्यांचे हे काम भाडे भरत करावे लागले, तर वरच्या सर्व हिशेबांत नवी तूट मिळवावी लागेल. चौथी ओळ आकाराच्या प्रश्नावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. शेजारचा गाळा किंवा वरचा मजला रिकामा झाल्यास तो प्रथम आपणांस देऊ करण्याची अट घालावी. त्यामुळे आज तीन हजार फूट घेऊन उद्या सहा हजार करता येतात, आणि मधल्या काळात रिकाम्या फुटांचे भाडे पडत नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार नोंदणीकृत असणे कायद्याने आवश्यक आहे, हेही येथे नमूद करावयास हवे.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा या ओळींचे मोल अनेकांना कळले. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांमुळे कर्जाचे हप्ते मार्चपासून ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत पुढे ढकलण्याची मुभा मिळाली. भाड्याच्या बाबतीत मात्र करारात तरतूद नसेल, तर सारे जागामालकाच्या समजूतदारपणावर अवलंबून होते.

शाखेकडे येताना

या व्यवसायासाठी उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योजकास मुदत कर्ज व खेळते भांडवल मिळू शकते. २००० साली स्थापन झालेल्या पत हमी निधी न्यासाच्या योजनेत तारणाविना दिलेल्या कर्जास हमी मिळते आणि १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी रुपये आहे. ही हमी बँकेसाठी असते. कर्जदाराची परतफेडीची जबाबदारी तिने कमी होत नाही, हा मुद्दा वारंवार सांगूनही अनेकांच्या लक्षात राहत नाही.

प्रस्तावासोबत मजल्याचा मोजमापांसह नकाशा, भाडेकराराचा मसुदा आणि महिनावार खुर्च्या भरण्याचा अंदाज असावा. सही करण्यापूर्वीचा मसुदा असावा, हे विशेष. सही झालेला करार आणल्यास सुचवण्यासारखे फारसे काही उरत नाही. अंदाज दोन करावेत, एक अपेक्षित वेगाचा आणि दुसरा त्याच्या निम्म्या वेगाचा. वरील दांपत्याच्या ३,००० फुटांच्या कार्यालयात दरमहा सहाऐवजी तीनच खुर्च्या भरल्या, तर तूट बारा महिने चालते आणि तिची बेरीज १० लाख ६० हजारांवरून २३ लाखांवर जाते. अनामत व स्वतःचा हिस्सा मिळवून गरज ४४ लाख ९० हजारांची होते. म्हणजे घर व शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले दहा लाखही त्यात जातात.

हा दुसरा तक्ता हाती असला की वाटाघाटींना दिशा मिळते. अनामत सहाऐवजी चार महिन्यांची ठरली तर ३ लाख ३० हजार रुपये मोकळे होतात. पहिले सहा महिने केवळ व्याज भरण्याची सवलत बँकेने मंजूर केली तर आणखी सुमारे १ लाख ८४ हजारांचा ताण पुढे जातो. बाजूला ठेवलेल्या दहा लाखांतील निम्मी रक्कम एवढ्यानेच सुरक्षित राहते. उरलेल्या निम्म्यासाठी आधीच्या भाडेकरूची सजवलेली जागा मिळते का, हे पाहण्यास आणखी दोन-तीन महिने थांबण्याची त्यांची तयारी आहे की नाही, हे त्यांनी करारावर सही करण्यापूर्वी ठरवावयाचे आहे.